दुबईचा ‘ट’

मे महिन्यातल्या त्या गुरुवारी पावणेसहाला नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या त्या दुमजली घराचा दिवस नेहमीसारखाच सुरू झाला. आधी नळातून नुसती हवा आली, मग फुसफुसत पाणी आलं. आईने पहिल्या दोन बादल्या स्वयंपाकघरात नेल्या. तेरा वर्षांच्या वैभवीने नळाला पाइप लावून त्याचं दुसरं टोक खिडकीबाहेरच्या कूलरच्या टाकीत सोडलं. टाकी भरायला अठरा मिनिटं लागत. तिने एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. तिचे आजोबा रामाजी, ज्यांना घरातली मुलं आबाजी म्हणत, अंगणात कडुलिंबाच्या काडीने दात घासत होते. फाटकाशी प्रीतमकाका मोटरसायकल पुसत होते. त्यांचं मौद्याला कृषी केंद्र होतं: बियाणं, खत, फवारणीची औषधं. पेरणी महिन्यावर आली की ते सातलाच निघत.

सव्वासहाला दूध आलं. साडेसहाला काकूंनी आपल्या मुलाला, बारा वर्षांच्या आयुषला, तिसऱ्यांदा हाक मारली. आणि पावणेसातला आबाजींनी कपाट उघडून पंच्यात गुंडाळलेला लॅपटॉप बैठकीतल्या टेबलावर ठेवला. झाकणावर पूजेच्या दिवशीचं कुंकू अजून पुसटसं दिसत होतं.

हा साधासुधा लॅपटॉप नव्हता. गेम खेळण्यासाठीच बनवलेला, कळांखाली लाल दिवे पेटणारा, आणि मुख्य म्हणजे थेट दुबईहून आलेला! मार्चमध्ये बियाण्यांच्या कंपनीने आपल्या चाळीस विक्रेत्यांना पाच दिवसांच्या सहलीला दुबईला नेलं होतं. ‘तिथं निम्म्या भावात मिळते’ असं सगळ्यांनी सांगितल्यामुळे घरातल्या सगळ्यांनी मिळून प्रीतमकाकांकडे पैसे दिले, आणि काका लॅपटॉप, दोन डबे खजूर आणि उन्हाने रापलेलं नाक घेऊन परतले. लॅपटॉपच्या प्रत्येक कळीवर इंग्रजी अक्षराशेजारी वळणावळणाचं हिरवं अक्षर होतं. पाहुणे आले की आबाजी ती अक्षरं दाखवत. “अरबी हाये! तिथं असेच मिळतात.”

सकाळी ऊन चढण्याआधी दोघांनी अर्धा-अर्धा तास खेळायचं, असा नियम होता. आज आयुषची पहिली पाळी होती. त्याची गाडी डोंगराच्या वळणावर आली, पंखा विमानासारखा घोंगावला, आणि पडदा काळा झाला.

“अकरा मिनिटं!” आयुष ओरडला. “काल तेरा चालला होता!”

“म्हणजे पुढच्या आठवड्यात चालू व्हायच्या आधीच बंद पडन,” वैभवी म्हणाली.

“पण दुबईत का ऊन नसते? तिथं चालते, अन् नागपुरात काहून मरून राहिला हा? पप्पा, सांगा ना!”

प्रीतमकाका हेल्मेट शोधू लागले. ते त्यांच्या हातातच होतं.

“लॅपटॉपची चूक नाही,” वैभवीचे बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले. “त्या मेघाने आतलं सगळं काढून घेतलं आणि जुनं भरून दिलं.”

मेघाताईचं चौकात लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दोन आठवड्यांपूर्वी लॅपटॉप तापतो म्हणून बाबांनी तो तिच्याकडे नेला. तिने उघडून पाहिला आणि सांगितलं, “काका, हा तीन-चार वर्षं जुना आहे. माझ्याआधीही कोणीतरी उघडलेला आहे.” त्या दिवशी घरात मोठा गहजब झाला. दीड महिन्यापूर्वी दुबईहून आलेली वस्तू चार वर्षं जुनी कशी असेल? नवी वस्तू जुनी झाली असेल, तर ती तिच्याच दुकानात! बाबांनी संध्याकाळी मोहल्ल्याच्या ग्रुपवर लिहिलं: ‘सावधान! चौकातील लॅपटॉप दुरुस्तीवाली पार्ट बदलते.’ एकशे चाळीस लोकांनी ते वाचलं.

तेवढ्यात फिरायला निघालेले नत्थूजी फाटकातून आत आले. चौकातले सगळे गाळे त्यांचे होते, मेघाताईचाही.

“रामाजी, मी तिले शनिवारची मुदत दिली हाये,” ते खुर्चीत टेकत म्हणाले. “सकाळी नऊ वाजता गाळ्याले माहं कुलूप. बाकीचे भाडेकरू पण बोंबलून राहिले, चौकाचं नाव खराब होते म्हणून.”

“चांगलं केलं,” बाबा म्हणाले. “अशांच्या हाती महागाची वस्तू देऊच नये.”

“अशांच्या म्हणजे कशांच्या, बाबा?” वैभवीने विचारलं.

बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. नत्थूजींनी चहावर फुंकर घातली.

“वैभवी, पाइप बघ. टाकी वाहून राहिली,” आई म्हणाली.

टाकी वाहत नव्हती. ती तासाभरापूर्वीच भरली होती आणि पाइपही वैभवीने तेव्हाच काढला होता.

*

“चोर पकडायचा!” आयुषने जाहीर केलं. “शनिवारच्या आत. तिच्या दुकानातून आपले असली पार्ट शोधून काढायचे!”

ही सभा जिन्याखाली भरली होती आणि तिला तिसरी सभासदही हजर होती. ताजुन्निसा, म्हणजे ताजू, वैभवीच्याच वर्गात होती. ती ताजबागच्या रस्त्यावर राहत असे. सुटी लागल्यापासून ती कामठीला नानीकडे होती आणि कालच परतली होती. आधी परीक्षा आणि मग सुटी, त्यामुळे प्रसिद्ध लॅपटॉप तिने अजून पाहिलाच नव्हता.

“मले काय करायचं?” तिने विचारलं.

“तू तिले बोलण्यात गुंतव. मी माउस मागतो. वैभवी टेबलाखाली शोधते.”

“पण बोलू काय?”

“काही पण बोल! तुहं तोंड तर झोपेत पण चालते.”

“अन् तुहं डोकं जागेपणी पण नाही चालत,” ताजू म्हणाली आणि डोक्याला ओढणी गुंडाळून निघाली.

दुपारचे बारा वाजले होते. रस्त्यावर एक कुत्रा सोडून कोणी नव्हतं, आणि तोही नळाच्या ओल्या जागेवर पोट टेकून पडला होता. मेघाताईचं दुकान सहा हात रुंद होतं. भिंतीवर बुद्धाचं लहानसं चित्र, टेबलावर पेचकसांची रांग, आणि मागे खोके. काही खोके भरून दोरीने बांधूनही झाले होते. तेवीस-चोवीस वर्षांची मेघाताई एका खोक्यावर नाव लिहीत होती.

“माउस पाहिजे,” आयुष शक्य तितक्या जाड आवाजात म्हणाला.

मेघाताईने वर पाहिलं. “तू रामाजींचा नातू ना? ही दुसरी इतक्या जोरात कामठीच्या गर्मीबद्दल काहून सांगून राहिली मले? अन् तुझी बहीण माझ्या टेबलाखाली काय शोधते?”

आयुषचे कान लाल झाले. ताजूचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. कपाळाला जाळं चिकटलेली वैभवी टेबलाखालून बाहेर आली. खोटं बोलणं तिला जमत नसे.

“आमचे पार्ट,” ती म्हणाली.

मेघाताई रागावेल असं तिघांनाही वाटलं. ती रागावली नाही. तिने फक्त पेनाचं टोपण लावलं.

“बसा. पाणी प्या आधी.” मग तिने आपला फोन काढला. “पहिला पेच फिरवायच्या आधी मी प्रत्येक मशीनचे फोटो काढते, गिऱ्हाईक समोर उभं असतानाच. हा पाहा तुमचा लॅपटॉप. कोपऱ्यात अंगठीवाला हात दिसते ना? ओळख कोणाचा.”

“बाबांचा!” वैभवी म्हणाली.

“आता पेच पाहा. तोंडं कशी घासली आहेत? कारखान्यातून पेच असा येत नाही. याला माझ्याआधी कोणीतरी उघडलं होतं.”

“मग तुम्ही बाबांना हे दाखवलं नाही?”

“दाखवलं ना. ते म्हणाले, असे फोटो कोणालेही बनवता येतात.” मेघाताईने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, बहुधा तिने ते इतक्या वेळा सांगितलं असावं की त्यातला राग झिजून गेला होता. “नत्थूजींना दाखवला, तर म्हणाले, आम्हाले पेचातलं काय समजते? दोन वर्षं एका ठिकाणी बसले तेव्हा आत्ता कुठं लोक पोरीच्या हाती मशीन द्यायला लागले होते. आता दुसऱ्या चौकात गाळा मागायला गेलं, तर ग्रुपवरचा तो मेसेज माझ्या आधी पोचलेला असते.”

काहीतरी करायचं म्हणून ताजूने फोनवरचा फोटो पुढे सरकवला. पुढचा फोटो कळफलकाचा होता. तिने तो जवळ घेतला, मोठा केला, आणि अचानक खो-खो हसायला लागली.

“काय झालं वं?” वैभवीने विचारलं.

“हा दुबईचा आहे?”

“हो मग!”

“यावर ‘ट’ आहे!”

“असू दे ना. आपल्यात पण आहे,” आयुष म्हणाला.

“अबे, तेच तर! अरबीत ‘ट’ नसतेच! मी उस्तानीबाईंच्या शिकवणीले अरबी वाचते अन् अब्बाकडे उर्दू. हे पाहा, दोन ठिपके म्हणजे ‘त’. ते अरबीत पण असते. पण ठिपक्यांच्या जागी ही बारीक पिसासारखी खूण दिसते? हा ‘ट’. हा फक्त उर्दूचा. हा ‘ड’, हा पण उर्दूचा. अन् हा पाहा ‘प’. अरबीत ‘प’ नाही, ‘च’ नाही, ‘ग’ पण नाही.”

“म्हणजे आपला पाटील सर दुबईले गेला तर?”

“‘बातील’ होऊन परत येईन!”

मेघाताईसुद्धा हसली. पण हसता हसता वैभवी थांबली. “मग दुबईच्या लॅपटॉपवर उर्दू अक्षरं कोणी लिहिली?”

*

दुपारी घरातली मोठी माणसं कूलरसमोर झोपली होती. आबाजींच्या कपाटाची किल्ली खुंटीवर होती. तिघांनी लॅपटॉप जिन्याखाली नेला. आयुषने गाडी पळवायच्या एका कळीच्या कोपऱ्याला नख लावलं. इंग्रजी आणि हिरवं, दोन्ही अक्षरं एकदमच हलली. तो स्टिकर होता! ठेचलेल्या बोटावरची पट्टी सुटावी तसा तो अलगद निघून आला.

खालच्या कळीवर जुनं इंग्रजी अक्षर होतं, आणि ते जवळजवळ पुसलं गेलं होतं.

“चारही कळांवरचे काढ,” वैभवी पुटपुटली. “गाडी पळवायच्या चार.”

चारही कळा गुळगुळीत झालेल्या होत्या. शेजारच्या दोन-तीन कळांचे स्टिकर उचलून पाहिले, तर तिथल्या अक्षरांचा रंग शाबूत होता. गेम खेळणाऱ्या कुणाच्याही बोटांना ते लगेच कळलं असतं: कोणीतरी या कळांवर कित्येक महिने गाड्या पळवल्या होत्या. आयुष आणि वैभवी दिवसाला अर्धाच तास खेळत, आणि तेही स्टिकरवरून.

सुटीत आईचा जुना फोन वैभवीकडे असे. तिने त्यात लॅपटॉप घरी आला त्याच दिवशीच्या पूजेचा फोटो शोधला. प्रीतमकाका लॅपटॉप हातात धरून उभे होते. फोटो मोठा केल्यावर हिरवी अक्षरं स्पष्ट दिसली.

“म्हणजे घरी आला त्याच दिवशी स्टिकर होते,” वैभवी सावकाश म्हणाली. “अन् झिजलेल्या कळा स्टिकरच्या खाली आहेत. म्हणजे लॅपटॉप त्याच्या आधीच जुना होता. मेघाताईनं तर तो दीड महिन्यानं पाहिला. तिनं काहीच केलं नाही!”

“दुबईवाल्यानं पप्पाले फसवलं!” आयुषने मूठ आपटली. “जुना माल नवा म्हणून विकला!”

ताजू बोलली नाही. ताजू गप्प बसते तेव्हा तिच्याकडे काहीतरी बोलण्यासारखं असतं, हे दोघांना माहीत होतं.

“बोल ना.”

“दुबईवाल्याकडे अरबीचे ढीग असतीन, आयुष. तो उर्दू काहून चिकटवन?”

“म्हणजे? तुले म्हणायचं काय आहे?”

“मले काहीच नाही म्हणायचं. मोमिनपुऱ्यात माह्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, घराजवळ एक दुकान आहे. उर्दू टाइप करणारे तिथूनच असे स्टिकर नेतात. इथं दुसरीकडे मिळताना मी तर पाहिले नाहीत.”

आयुष उठून उभा राहिला. “चल मग. उद्या सकाळीच चल. माह्या पप्पाचं नाव नाही निघालं, तर तुझ्याशी कट्टी. कायमची!”

“मंजूर,” ताजू म्हणाली. आपली शंका खरी ठरू नये, असंच तिलाही वाटत होतं.

*

शुक्रवारी सकाळी ‘ताजूच्या खालाकडे जातो’ असं सांगून तिघं शहर बसने निघाले. दुकान म्हणजे एक खिडकीच होती. आत शिक्के, लग्नपत्रिका, पाट्या, आणि तारेला टांगलेले स्टिकरचे तक्ते. हिरव्या अक्षरांचे.

“चाचा, ये अरबी है क्या?” ताजूने मुद्दाम विचारलं.

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम तो पढ़ी-लिखी लगती हो, बेटी. ये उर्दू है. अरबी चाहिए तो हफ़्ताभर लगेगा.” आणि ते स्वतःशीच हसले. “मार्च में एक साहब आए थे. बोले, अरबी दे दो, दुबई का दिखना चाहिए. मैंने कहा, उर्दू है, फ़र्क़ होता है. बोले, क्या फ़र्क़ पड़ता है चाचा, हमारे घर में कौन पढ़ेगा?”

वैभवीच्या हातात फोन होता. तिला तो पुढे करवेना. आयुषनेच तो तिच्याकडून घेतला आणि पूजेचा फोटो खिडकीत धरला.

“यही,” चाचा म्हणाले. “नाक धूप से जला हुआ था. क्यों बेटा, कुछ गड़बड़ हो गई क्या?”

“नहीं,” आयुष म्हणाला. त्याने खिशातल्या पैशांतून एक तक्ता विकत घेतला, घडी न घालता शर्टच्या आत सरकवला, आणि परतीच्या सबंध वाटेवर तो खिडकीबाहेर पाहत राहिला. ताजूने त्याच्या शेजारची जागा सोडली नाही. कट्टीचा विषय कोणी काढला नाही.

*

संध्याकाळी सहाला प्रीतमकाकांची मोटरसायकल फाटकात आली. अंगणात नुकतंच पाणी शिंपडलं होतं. आयुषने तो तक्ता गाडीच्या टाकीवर ठेवला.

“क्या फ़र्क़ पड़ता है चाचा,” तो म्हणाला, “हमारे घर में कौन पढ़ेगा?”

काकांनी तक्त्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग मागे उभ्या असलेल्या वैभवीकडे आणि ताजूकडे. त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि ते तिथेच पायरीवर बसले. हेल्मेट त्यांनी काढलंच नाही.

“शेवटच्या दिवशी तिथल्या बाजारात एक माणूस भेटला,” ते म्हणाले. “सीलबंद खोका, अर्ध्या भावात. मी बिल मागितलं, तर म्हणे, बिल पाहिजे तर दुकानात जा. बाकीचे सगळे बसमध्ये बसून हाका मारून राहिले होते. घेतला. हॉटेलात येऊन खोका उघडला. आत फरशीचे दोन तुकडे. स्पंजात छान गुंडाळलेले.”

“माह्या दुकानात भली मोठी पाटी आहे. ‘पक्क्या बिलाशिवाय बियाणे घेऊ नका.’ मीच लिवली. दर हंगामात शेतकऱ्यांना शिकवतो, बाबा रे, स्वस्ताच्या मागे जाऊन बोगस बियाणं आणू नका. अन् मीच... कोणत्या तोंडानं सांगू? नागपुरात उतरल्यावर घरी यायच्या आधीच सदर बाजारातून जुना घेतला. दुबईचा वाटावा म्हणून ती अक्षरं लावली.”

“अन् मेघाताईचं नाव आलं तेव्हा?” आयुषने विचारलं. “तेव्हा तर सांगायचं ना, पप्पा!”

“त्याच दिवशी सांगणार होतो. तेवढ्यात वैभवीच्या बाबांनी ग्रुपवर लिहिलं. मग सांगणं आणखीनच कठीण होऊन बसलं.”

दारात आबाजी उभे होते. त्यांच्या मागे बाबा. दोघांनी किती ऐकलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

घरात मोठ्यांची बैठक झाली. मुलांना आत बोलावलं, तेव्हा टेबलावर संत्रा बर्फीचा डबा उघडा ठेवलेला होता.

“शाब्बास रे पोरांनो!” आबाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरीचं कौतुक होतं. “ताजू बेटा, तुझ्या एका अक्षरानं सगळं उघडं पाडलं! वैभवी, फोटोची गोष्ट तर एखाद्या वकिलालेही सुचली नसती. माह्या घरात असे हुशार पोरं आहेत, अन् मले पत्ता नाही!” त्यांनी प्रत्येकाच्या हातावर बर्फी ठेवली. मग आवाज थोडा खाली आणला. “आता एक करा. ही गोष्ट या उंबरठ्याच्या बाहेर जायची नाही. प्रीतमचं गिऱ्हाईक आजूबाजूच्या पन्नास गावांत आहे. बियाणं विकणाराच ठकला, हे पसरलं तर पेरणीच्या तोंडावर दुकान बसन.”

“अन् मेघाताई?” वैभवीने विचारलं.

“मी ग्रुपवरचा तो मेसेज काढून टाकतो,” बाबा म्हणाले. “आत्ताच.”

“मेसेज काढला म्हणजे लोकांनी वाचलेलं पुसलं जाते का, बाबा?”

“पुढे आपण तिच्याविरुद्ध काही बोलणार नाही. झालं ना?”

“पण उद्या नऊ वाजता कुलूप लागते!”

“शिकलेली पोरगी आहे. तिले कुठंही काम मिळन,” आबाजी म्हणाले. हे वाक्य त्यांनी मुलांकडे न बघता, बर्फीच्या डब्याचं झाकण लावत म्हटलं.

प्रीतमकाका भिंतीशी बसून होते. हेल्मेट आता त्यांच्या मांडीवर होतं. ते काही बोलले असते, तर त्या क्षणी सगळं सोपं झालं असतं. ते बोलले नाहीत.

ताजूने बर्फी खाल्ली नाही. फाटकाशी गेल्यावर तिने ती वैभवीच्या हातात परत ठेवली. “मी पाहुणी आहे,” ती म्हणाली. “मले बोलता नाही आलं.”

*

शनिवारी सकाळी साडेआठला तिघं चौकात होते. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. वैभवीने वहीचा मोठा कागद आणि डिंकाची बाटली आणली होती. कागदावरचा मजकूर तिने पहाटे उठून स्वच्छ अक्षरात लिहिला होता:

‘या दुकानात आमच्या लॅपटॉपचा एकही पार्ट बदललेला नाही. लॅपटॉप दुबईचा नव्हता. तो सदरमधून जुनाच विकत घेतला होता. त्यावरची अक्षरे अरबी नसून उर्दू आहेत व ती येथे येण्याआधीच चिकटवलेली होती. मेघाताईंवरचा आरोप खोटा आहे.’

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. शेवटचे दोन खोके बाहेर ठेवलेले होते. मेघाताई दोरी ओढत होती. मुलांनी शेजारच्या भिंतीवर कागद लावला, तेव्हा तिने तो वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग ती खोक्यावर बसली, दोरी हातात तशीच.

नऊला पाच कमी असताना नत्थूजींची स्कूटर आली. त्यांच्या पिशवीत कुलूप खणखणलं. त्यांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत सगळा मजकूर वाचला.

“कोणी लिहिलं हे?”

“आम्ही,” वैभवी म्हणाली.

“खाली नाव कुठं हाये? बिननावाच्या कागदानं कुलूप थांबत नसते, पोरी. लोक म्हणतीन, तिनंच लिहून लावला.”

“मी लिहिते माझं नाव.”

“थांब,” आयुष म्हणाला. “लॅपटॉप तुह्या बाबांनी नाही आणला.”

त्याने तिच्या हातातून पेन घेतला. शटरजवळून मेघाताई म्हणाली, “राहू दे, आयुष. मी दुसरं काही तरी पाहीन. घरी तुले बोलणी बसतीन.”

“बसू द्या.”

“नुसतं ‘आयुष’ लिहिलं तर चालते का, नत्थूजी?” वैभवीने घाईने विचारलं.

“सक्करदऱ्यात दहा आयुष असतीन,” नत्थूजी म्हणाले. ते कठोरपणे म्हणाले नाहीत. पण पिशवी त्यांनी खालीही ठेवली नाही. “पूर्ण नाव पाहिजे.”

पूर्ण नाव म्हणजे काय, हे चौघांनाही माहीत होतं. शाळेत, परीक्षेत, दाखल्यावर, सगळीकडे ते एकाच क्रमाने लिहिलं जातं. आधी आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव. वडिलांचं नाव गाळून पुढे जायला त्यात वाट नसते.

चौकात दूधवाला थांबला होता. शेजारचा किराणावाला फळ्या काढता काढता बघत होता. आयुषने डाव्या हाताने कागद भिंतीवर दाबून धरला आणि लिहिलं: आयुष. पेन तिथे थोडा वेळ थांबला. मग त्याने लिहिलं: प्रीतम. परीक्षेच्या पेपरवर लिहितो तेवढ्याच आकाराचं. लहान नाही, पुसट नाही. मग: गोतमारे.

नत्थूजींनी तीनही शब्द वाचले. मग त्यांनी पिशवीचं तोंड बंद केलं, पिशवी स्कूटरला अडकवली आणि ते निघून गेले.

मेघाताईने खोक्याची दोरी सोडायला घेतली.

कागदाचा खालचा कोपरा सुटत होता. डिंक धरेपर्यंत आयुष त्यावर अंगठा दाबून उभा राहिला.